रहस्यकथेला रान वर्ज्य का?

गेल्या उन्हाळ्यात नागपुरातील एका स्नेह्यांच्या घरी रहस्यकथेचा विषय निघाला. बैठकीला एक निवृत्त न्यायाधीश होते, इंग्रजीचे एक प्राध्यापक होते, यजमानीण डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांची महाविद्यालयात शिकणारी कन्या होती. या मुलीने आगगाडीच्या प्रवासात एक छोटेखानी मराठी रहस्यकथा वाचली होती. तिचे कथानक गडचिरोलीच्या जंगलात घडते. पुस्तक आमच्यापुढे ठेवून तिने सरळ विचारले, "तिकडे खरेच असे असते का हो?" आम्ही उत्तर देण्यापूर्वीच प्राध्यापक हसले आणि म्हणाले, की प्रश्नच चुकीचा आहे, रहस्यकथा हे शहराच्या कुंडीत वाढणारे रोप असून ते रानात लावले की जळून जाते. चेस्टरटन या इंग्रज लेखकाने १९०१ साली रहस्यकथेची तरफदारी करताना तिला महानगराचे काव्य ठरविले होते, हा दाखलाही त्यांनी दिला. रस्ता, घड्याळ, आगगाडीचे वेळापत्रक, शेजारच्या बिऱ्हाडातील अनोळखी माणूस, या सामग्रीवाचून रहस्यकथा उभी राहत नाही; जंगलात फार तर शिकारकथा होईल, नाहीतर भुताची गोष्ट, असा त्यांचा निकाल पडला. चहा आला आणि विषय बदलला. आम्हांस मात्र तो निकाल मान्य नव्हता, आजही नाही. त्या घरी सभ्यपणापायी जे बोलता आले नाही, ते येथे लिहीत आहोत.

प्रथम त्या पुस्तकाविषयी. त्याचे नाव सांगून आम्ही त्याचा खप वाढवू इच्छीत नाही. मुंबईचा एक गुप्तहेर दुपारी जेवून नागपुराहून जीपगाडीने निघतो आणि दिवेलागणीला भामरागडच्या पलीकडे घनदाट अरण्यात जाऊन पोचतो. महिना श्रावणाचा. वाटेत त्याला एकही नदी आडवी येत नाही! पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात भामरागडची वाट किती वेळा बंद झाली आहे, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यासही ठाऊक असते. लेखकाला ते ठाऊक नाही. पुढे डोक्यात पिसे खोवलेले लोक आगीभोवती नाचतात, नरबळीची तयारी चालते, एक म्हातारा मांत्रिक मोडक्या हिंदीत शाप देतो, आणि शेवटी कळते की या सर्वांमागे चोरटे हिरे नेणारा कोणी शहरी शेठ होता. अडाणी माणसांना त्याने भुलविले होते, एवढेच. मध्यंतरी एक आदिवासी मुलगी गुप्तहेराला वाट दाखविते. ती दिवाळीच्या पहाटे मोहाची फुले वेचीत असते.

या शेवटच्या वाक्याशी आम्ही थांबलो. श्रावणात सुरू झालेली कथा दिवाळीपर्यंत कशी लांबली, हा प्रश्न बाजूस ठेवू. मोह फुलतो तो फाल्गुन-चैत्रात. दिवाळीत मोहाची फुले वेचणारी मुलगी म्हणजे कोकणात पौषात हापूस पाडणारी मुलगी. ही चूक कोकणाविषयी झाली असती, तर संपादकाकडे पत्रांचा खच पडला असता. मोहाविषयी झाली, तेव्हा ती कोणाच्याच डोळ्यांस खुपली नाही, कारण ज्यांना ती खुपावी ते या पुस्तकाचे ग्राहकच नव्हेत, असे लेखकाने, प्रकाशकाने आणि, खरे सांगावयाचे तर, आम्ही सर्वांनी गृहीत धरले आहे.

आता प्राध्यापकांच्या सिद्धांताकडे वळू. मराठी रहस्यकथेचा इतिहास पाहिला तर त्यांच्या बाजूने पुरावा भरपूर आहे, हे आम्ही कबूल करतो. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी परकीय अद्भुत कथांना मराठी वेष दिला तेव्हापासून हा प्रकार आमच्याकडे लोकप्रिय आहे. बाबुराव अर्नाळकरांनी तर हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही नावे ऐकली की आजही वृद्ध गृहस्थांच्या मुद्रेवर शाळकरी तेज येते. ज्या घरांत या पुस्तकांना कपाटात जागा नव्हती, त्या घरांत ती उशीखाली सापडत. गुरुनाथ नाईकांनीही तीच हजारी गाठली. परंतु या हजारो पुस्तकांचा मुक्काम बहुधा मुंबईत, हे नाकारण्यात अर्थ नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा, म्हणजे मूळचा खेडेगावचा. पण त्याची शाळा पुण्याची आणि त्याचा संचार सर्वत्र. एका भूमीला धरून बसलेली, वर्षानुवर्षे त्याच वाटांनी फिरणारी आणि तेथील ऋतू, बाजार, नदी, भाऊबंदकी यांतूनच ज्यातील गुन्हा उमलतो व उकलतो अशी रहस्यमाला मराठीत चांद्याच्या रानाची तरी आमच्या पाहण्यात नाही. प्राध्यापक म्हणतील, "पाहा, नाही ना? कारण ती होऊच शकत नाही." यावर आमचे म्हणणे असे, की जे आम्ही केले नाही ते अशक्यच असते, हा तर्क आळशी माणसाला फार सोयीचा आहे.

रान राहू द्या, वाळवंट घ्या. जेथे रस्ता नाही, शेजार नाही, घड्याळाची कोणास गरज नाही, असे वाळवंट. चेस्टरटनचा नियम खरा असता तर तेथे रहस्यकथेचा अंकुरही फुटावयास नको होता. आर्थर अपफील्ड नावाचा एक इंग्रज तरुण विसाव्या वर्षाच्या सुमारास ऑस्ट्रेलियात गेला आणि सशांना अडविण्यासाठी घातलेल्या शेकडो मैलांच्या कुंपणावर राखणदारी करू लागला. १९२९ पासून त्याने नेपोलियन बोनापार्ट हे नाव धारण करणाऱ्या, मूळनिवासी आई व गोरा बाप असलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या कथा लिहिल्या. त्यांची संख्या २९ भरली. हा अधिकारी वाळूतील पाऊल वाचतो, मुंग्यांची चाल वाचतो, वाऱ्याने उडालेल्या राखेचा हिशेब मांडतो. कथा रचताना, प्रेताचा मागमूस न ठेवता खून कसा पचवावा, हे कोडे अपफील्डने आपल्या सोबत्यांपुढे टाकले होते. त्या सोबत्यांच्या ओळखीतील एकाने ती युक्ती ऐकली आणि खरोखरच माणसे मारून वापरली! एक आंगठी राखेत राहून गेली, तिची ओळख पटली आणि १९३२ साली तो फासावर गेला. अपफील्डला न्यायालयात साक्ष द्यावी लागली. वाळवंटात रहस्य नसते, असे म्हणणाऱ्यांनी हा खटला वाचावा.

अपफील्डचे गुणगान करताना त्याचा दोष लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच्या नायकाची बुद्धी गोऱ्या रक्ताची आणि माग काढण्याची कला काळ्या रक्ताची, अशी वाटणी तो जागोजाग करतो. ती आज किळसवाणी वाटते. त्या नायकाचे नावही थट्टेनेच ठेवलेले. भूमीवर प्रेम आणि तेथील माणसांविषयी तुच्छता ही दोन्ही एका लेखकात सुखाने नांदू शकतात. म्हणून नुसता निसर्ग बिनचूक वर्णन केला की काम झाले, असे आम्ही म्हणणार नाही.

टोनी हिलरमन हा अमेरिकन लेखक येथे अधिक उपयोगी पडतो. तो गोरा, पण ओक्लाहोमातील ज्या शाळेत तो शिकला ती मूळची तेथील आदिवासी मुलींसाठी काढलेली. पुढे वर्तमानपत्रात नोकरी, नंतर विद्यापीठात अध्यापन. १९७० ते २००६ या काळात त्याने नैर्ऋत्य अमेरिकेच्या वाळवंटातील नवाहो लोकांच्या प्रदेशात घडणाऱ्या १८ कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील तपासणारे पोलीस, लीपहॉर्न आणि चीही जोडी, स्वतः नवाहो आहेत. पहिले पुस्तक पाहून त्याच्या मध्यस्थाने सल्ला दिला होता, की ही आदिवासींची भानगड तेवढी काढून टाका. हिलरमनने ती काढली नाही आणि मध्यस्थ बदलला. नवाहो समाजाने १९८७ साली त्याचा मित्र म्हणून गौरव केला. तरीही, परक्याने आमच्या धर्मविधींविषयी किती लिहावे, असा आक्षेप त्याच्यावर घेतला गेलाच, आणि तो घेणारे अगदीच चुकीचे होते असे आम्हांस वाटत नाही. त्याच्या मागे २०१३ पासून त्याची कन्या ॲन हिने माला चालू ठेवली आहे. तिच्या पुस्तकांत एक नवाहो पोलीस स्त्री पुढे आली. पन्नासांहून अधिक वर्षे ज्या निर्जन मुलखात वाचक वारंवार जाऊन येतो, तो मुलूख त्याला निर्जन वाटेनासा होतो, यात नवल ते काय?

आपल्याकडचे उदाहरण हवे असल्यास बंगाल्यांकडे पाहावे. सत्यजित रायांनी १९७१ साली आपल्या फेलूदाला सोन्याच्या किल्ल्याच्या शोधात राजस्थानच्या वाळवंटात धाडले, १९७४ साली त्यावर चित्रपट काढला, आणि जैसलमेर हे नाव कलकत्त्याच्या घराघरांतील मुलांच्या तोंडी बसले. आमच्या मुलांच्या तोंडी गडचिरोली हे नाव कोणत्या संदर्भात येते, हे वाचकांनी आपापल्या घरी विचारून पाहावे.

आता आमच्या रानाकडे येऊ. चांदा जिल्ह्याचे दोन तुकडे २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाले आणि गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. या दोन जिल्ह्यांत रहस्यकथेला सामग्री नाही, असे म्हणणाऱ्याने तेथील एखाद्या गावी चैत्रातली एक पहाट काढावी. मोहाची फुले रात्रीच्या शेवटी आणि पहाटे गळतात. जनावरांच्या आधी ती वेचली पाहिजेत, म्हणून घरची बायामाणसे व पोरे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. फूल दिसावे म्हणून झाडाखालचा पाला आधीच झाडून किंवा पेटवून जमीन मोकळी केलेली असते. त्यातून कधी वणवा लागतो आणि वनखात्याशी भांडण जुंपते. कोणते झाड कोणत्या घराचे, हे गावाला तोंडपाठ असते. आता प्राध्यापकांस आम्ही विचारतो, की अमुक पहाटे अमुक मनुष्य कोठे होता हे सांगणारे याहून चोख वेळापत्रक कोणत्या आगगाडीचे आहे? एखाद्या झाडाखालची फुले उन्हे वर आली तरी तशीच पडून राहिली, तर त्या घरी काहीतरी विपरीत घडले हे सारे गाव ओळखते. लंडनच्या गुप्तहेराला दारापुढे साचलेल्या दुधाच्या बाटल्यांवरून जे कळते, तेच हे. आमच्या त्या मुंबईच्या गुप्तहेरापुढे दिवाळीतच मोह फुलविल्यामुळे लेखकाच्या हातून कथेतील सर्वांत मोठा धागा निसटला. अज्ञानाची शिक्षा कलेतच मिळते, ती अशी.

मोह संपतो तोच तेंदूची पाने. वैशाखाच्या उन्हात घरेच्या घरे पाने तोडतात, ७० पानांचा एक पुडा बांधतात आणि फळीवर मोजून देतात. मोजणारा कोण, लिहिणारा कोण, नापास म्हणून फेकलेले पुडे रात्री कोठे जातात, ठेकेदाराच्या पैशांतून कोणकोणाचे हप्ते जातात, यात किती कथा आहेत! मग बांबू. १९२७ च्या वन कायद्याने बांबूस झाड ठरविले आणि झाड म्हटले की ते सरकारचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजांत घातला आणि तो गावाचा झाला. तरी मेंढा (लेखा) गावास २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळूनही बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना २०११ पर्यंत ग्रामसभेच्या हाती आला नाही. हक्क आहे पण वाहतूक नाही! बांबू हे झाड की गवत, या एका प्रश्नावर ज्या मुलखात माणसे चोर किंवा मालक ठरत आली, तेथे गुन्हा म्हणजे काय हेच आधी शोधून काढावे लागते. आमच्या शहरी रहस्यकथेला हा प्रश्न कधी पडत नाही, कारण तिच्यातील तिजोरी कोणाची याविषयी कोणास शंका नसते.

भाषेचा प्रश्न तर रहस्यकथाकाराला देणगीच आहे. वडसा-आरमोरीकडे झाडीबोली, भामरागड-एटापल्लीकडे माडिया, इतरत्र गोंडी, सिरोंच्यास तेलुगू, मुलचेऱ्याकडे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या गावांत बंगाली. साक्षीदार माडियात बोलतो, दुभाषी मराठीत सांगतो, हवालदार आपल्या मराठीत लिहितो आणि वकील ते इंग्रजीत वाचतो. या चार पायऱ्या उतरताना सत्याचे काय होते? एकच उदाहरण घ्या. गोंडांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळांची विभागणी असून समान देवांची कुळे एकमेकांची भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. साक्षीदाराने दाखविलेले नाते दुभाष्याने नुसते 'भाऊ' म्हणून सांगितले आणि तसेच पंचनाम्यात उतरले. तो भाऊबंद होता की सोयरा, हे तेथे नाही. पण ज्या मुलीपायी तंटा झाला तिच्याशी त्याचे लग्न होऊ शकत होते की नव्हते, हे त्या एका शब्दावर अवलंबून. म्हणजे खुनाचा हेतूच त्या शब्दात दडलेला. दुभाष्याला हे ठाऊक होते काय? ठाऊक असून तो गप्प का बसला? असे कोडे मुंबईच्या कोणत्या चाळीत सापडेल?

वाघाचे मात्र जपून. वाघ घातला की कथा रोमांचक होते, अशी लेखकांची समजूत असते. ताडोबाचे नावच मुळी तारू या गावप्रमुखावरून पडले. वाघाशी झुंजताना तो मेला आणि तलावाकाठी त्याचे देवस्थान झाले, अशी कथा आहे. (त्या मृत्यूचा पंचनामा झाला नाही, एवढे खरे.) आजही चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरीकडच्या गावांत विशेषतः, सरपणाला किंवा तेंदूला गेलेली माणसे वाघाच्या तोंडी पडतात आणि त्यांच्या घरच्यांस सरकारी भरपाई मिळते. जेथे भरपाई आहे तेथे, हे मरण वाघानेच आणले काय, अशी चौकशी आली. आणि ती चौकशी शोकात बुडालेल्या माणसांच्या दारी जाऊन करावयाची. हा प्रसंग कुशल लेखक गोळीबाराशिवाय लिहू शकेल.

येथवर आम्ही सामग्री मोजली. त्या बैठकीतील निवृत्त न्यायाधीशांचा आक्षेप याहून जड होता. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्या मुलखात खरीखुरी माणसे मेली आहेत. त्यांच्या मरणाची करमणूक करावयाची काय?" हे बोलण्याचा त्यांस अधिकार आहे. १९८० नंतर नक्षलवादी चळवळ गोदावरी ओलांडून आली आणि चार दशके खेडुतांना दोन्हीकडून झळ पोचली. खबऱ्या असल्याच्या संशयावरून कित्येकांचे प्राण गेले. गावोगावचे पोलीसपाटीलही त्यांत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती हा बडा पुढारी आपल्या साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, तरी गेलेली माणसे परत येत नाहीत. दुसरीकडे, जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध माणसांचा छळ आणि हत्या होण्याचे प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतरही थांबलेले नाहीत. अशा ठिकाणी कोडी घालावयाची म्हणजे जखमेवर पत्ते कुटणे होय, असे न्यायाधीशांचे म्हणणे.

त्यांस आमचे उत्तर असे. आज या माणसांविषयी आपण जे वाचतो ते दोनच प्रकारचे असते: एक तर चकमकीची बातमी, नाहीतर सेवाकार्याचा वृत्तांत. आनंदवन आणि हेमलकसा येथील कामाविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे; तो आदर येथे लिहून दाखविण्याची गरज नाही. पण सेवाकार्याच्या वृत्तांतात माडिया मनुष्य रुग्ण असतो, विद्यार्थी असतो, उपकृत असतो. चकमकीच्या बातमीत तो आकडा असतो. दोन्हींकडे त्याला बोलू दिले जात नाही, आणि बोललाच तर तो खरेच बोलणार, कारण तो भोळा, अशी आपली समजूत. रहस्यकथेत प्रवेश करणाऱ्या प्रत्येक माणसाला मात्र लेखकाने आणि वाचकाने समान संशयाने पाहावे लागते. याला लोभ आहे काय, असूया आहे काय, हा चतुर आहे काय, हा खोटे बोलतो आहे काय, बोलत असल्यास कोणाला वाचविण्यासाठी? भोळेपणा हा तेथे पुरावा होत नाही. या माणसांना खोटे बोलण्याचा अधिकार देणारे लिखाण आपल्याकडे फार थोडे आहे. आणि ज्याला खोटे बोलता येते असे मानले जाते, त्याच्याच खऱ्या साक्षीला किंमत येते, हे न्यायाधीशांस आम्ही सांगावयास नको.

चेटूक हा विषय घेऊ. त्या पुस्तकात मांत्रिक आहे, धूर आहे, किंचाळ्या आहेत. ज्या वृद्धेवर चेटुकीचा आळ येतो ती त्यात नाही. खरे रहस्य तिच्या घरी आहे. आळ कोणी प्रथम उच्चारला? तिच्या नावावर शेत किती, तिच्या मागे ते कोणाचे होणार? पोर कोणत्या तापाने दगावले आणि दवाखान्यास पोचण्याच्या मार्गात कोणती नदी होती? हे प्रश्न विचारणारी रहस्यकथा त्या वृद्धेची करमणूक मांडते काय? उलट पिसे आणि धूर दाखविणारी कथा आळ घेणाऱ्याच्याच बाजूची होते. जादू खरी असल्याचा भास विकल्यावाचून तिचे पोटच भरत नाही.

आमचे वाचक विचारतील, की गंभीर कादंबरी हे काम करीत नाही काय? करते. विलास मनोहरांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' आणि सुरेश द्वादशीवारांची 'हाकुमी' या कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला या रानात नेले. मारुती चितमपल्लींनी शेजारच्या नवेगावच्या रानातील पक्ष्यांना, झाडांना आणि वाटाड्यांना मराठीत नावानिशी आणले. ते १८ जून २०२५ रोजी गेले तेव्हा ही भाषा किती एकट्या माणसाच्या बळावर उभी होती हे आम्हांस जाणवले. परंतु एक कादंबरी एका अनर्थाची असते. अनर्थ घडतो, पुस्तक मिटते, वाचक शहरास परततो आणि त्याच्या मनात त्या मुलखाचे नाव त्या अनर्थाशी कायमचे चिकटते. मालेत तसे होत नाही. दुसऱ्या पुस्तकात तोच आठवडी बाजार पुन्हा भरतो, तोच तलाठी पुन्हा उशिरा येतो, पहिल्या पुस्तकातील संशयित आता चहाची टपरी चालवीत असतो, तिसऱ्यात त्याच्या मुलीचे लग्न होते. सुरजागडच्या डोंगरावरून खनिज नेणारे ट्रक पहिल्या पुस्तकात नसतात, पाचव्यात रस्त्यावर त्यांचीच रांग लागते, आणि ज्या ठाकूरदेवाची यात्रा त्या डोंगरावर भरते त्याच्या भक्तांत त्यावरून दोन तट पडलेले दिसतात. वाचकाला हे कोणी समजावून सांगितलेले नसते; गुन्हेगार शोधता शोधता ते त्याच्या अंगवळणी पडलेले असते.

मग हे लिहावे कोणी? आमच्यासारख्यांनी खचित नव्हे. चार दिवस वनविश्रामगृहात राहून, वनरक्षकाकडून दोन शब्द शिकून आलेल्या लेखकाने मालेला हात घालू नये; त्याच्याकडून दिवाळीतला मोहच निपजेल. हिलरमनवरचा आक्षेप येथे आम्ही पूर्ण मानतो. झाडीपट्टीत मात्र लिहिणाऱ्यांची उणीव नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्र रात्र नाटके करतात. थंडीत घोंगड्या पांघरून लोक पहाटेपर्यंत बसतात आणि खलपुरुष कोण हे पहिल्या अंकातच ओळखले तर नाटककाराला खुशाल नावे ठेवतात. ज्या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांस अजून ठाऊक नसावी, हा दोष झाडीपट्टीचा नव्हे. रहस्य कसे राखावे हे त्या प्रेक्षकांपुढे शिकलेला लेखक आमच्या प्राध्यापकांच्या कुंडीबाहेर सहज वाढेल.

हा लेख लिहीत असतानाच त्या भागातील एका तरुण शिक्षकाने आम्हांकडे एक हस्तलिखित धाडले आहे. अकरा प्रकरणे आहेत. तपास करणारी एक स्त्री पोलीसपाटील आहे. तिला पिस्तूल नाही, गाडी नाही, पोलीसठाण्यात तिला खुर्चीही कोणी देत नाही. आरंभी एका मोहाच्या झाडाखालची फुले दुपारपर्यंत पडून राहिलेली दिसतात. भाषा काही ठिकाणी ओबडधोबड आहे, सातवे प्रकरण उगाच लांबले आहे, आणि खुनी कोण हे आम्हांस नवव्या प्रकरणातच कळले, जे लवकर झाले असे आमचे मत आहे. हे दोष लेखकास कळविले आहेत. कथेतील माडिया शब्दांस तळटीपा द्याव्या असा आमच्या मंडळातील काहींचा आग्रह आहे. आमचा त्यास विरोध आहे. इंग्रजी रहस्यकथांतील पदार्थ आणि मद्ये यांची नावे वाचताना आम्ही कधी तळटीप मागितली नव्हती. ज्या मुलीने तो पहिला प्रश्न विचारला तिच्याकडे हस्तलिखिताची पहिली चार प्रकरणे वाचावयास दिली होती. तिने परवा निरोप धाडून पाचवे मागविले आहे.